काकूंचं ग्रीनलँड

ग्रीनलँडला जाणाऱ्या माणसाने सोबत काय न्यावं, अंगात काय घालावं, कुठे जावं आणि कुठे मुळीच जाऊ नये, हे आमच्या काकूंइतकं बारकाईने सांगणारं माणूस विषुववृत्ताच्या अलीकडे-पलीकडे कुठेही सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. प्रत्यक्ष ग्रीनलँडचे लोक मी यातून वगळतो. त्यांना तिथे जायचं नसतं, ते तिथेच असतात. पण सिंगापूरसारख्या ठिकाणी, जिथे बाराही महिने पंखा फिरतो, जिथे भाजलेला पापड उघडा राहिला तर वरण वाढेपर्यंत त्याची पोळी होते आणि जिथे लोक स्वेटर घेतात ते फक्त ऑफिसातल्या एसीच्या भीतीने, तिथे नवव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात कोलंबी सोलता सोलता "आतून लोकर, मधे लोकर, वरून वारा अडवणारं, सुती म्हणून एक धागा नको" असं शिकवणारी बाई एकच. मी त्यांच्या घरात भाड्याने राहिलो, हे मी माझं भाग्य समजतो.

मी जिंतूरचा. शाळा मराठी, कॉलेज परभणीला, घरातला पहिला पदवीधर. पुण्यातल्या नोकरीने मला सिंगापूरला धाडलं तेव्हा हातात कामाचा पास होता, पण राहायला जागा नव्हती. वुडलँड्स हे बेटाचं पार उत्तर टोक, भाडी जरा कमी, म्हणून तिथल्या सरकारी इमारतींमधून खोल्या बघत फिरत होतो. बाकीचे घरमालक विचारायचे, स्वयंपाक करणार का, मित्र आणणार का, एसी किती वेळ लावणार. काकूंनी दार उघडलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "पाय गार पडतात का रे तुझे?" मी म्हणालो, नाही. "मग ये आत," म्हणाल्या. माहीममध्ये वाढलेल्या, ऐन तारुण्यात नवऱ्यामागे सिंगापूरला आलेल्या, इथल्या नागरिक झालेल्या, ठेंगण्या आणि ताठ. खोली दाखवून झाल्यावर त्यांनी घराचा कायदा सांगितला. तळलेलं चालेल, मासे चालतील, उशिरा आलेलं चालेल. एक गोष्ट चालणार नाही. "या घरात 'बघू' म्हणायचं नाही. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

मी म्हणालो, "बरं काकू, बघू."

भाडेकरू म्हणून माझी सुरुवात अशी झाली. पण माझी बाजूही समजून घ्यायला हवी. आमच्या घरी मोठ्या माणसांना 'नाही' म्हणत नाहीत. 'नाही' हा शब्द घरात आहे, पण तो भाजीवाल्यासाठी आणि शेजारच्या मांजरासाठी. लग्नाचं आमंत्रण असो, स्थळ असो, मामाने सुचवलेला धंदा असो, सगळ्याला एकच उत्तर: बघू. ऐकणारा समजून जातो, सांगणारा सुटतो, आणि कुणाचं मन दुखत नाही. हा शब्द काढून घेतला तर जिंतूरचा निम्मा व्यवहार ठप्प होईल. आणि काकूंनी तो माझ्याकडून उंबरठ्यावरच काढून घेतला, चपला काढून घ्याव्यात तसा. त्या दिवसापासून त्यांनी माझं नावही बदललं. मला त्या 'जिंतूर' म्हणू लागल्या, आणि शेवटपर्यंत तेच म्हणाल्या.

काकूंचं ग्रीनलँडचं ज्ञान कौतुकाचं नव्हतं, कामाचं होतं. बर्फाचे डोंगर, आकाशातले हिरवे पडदे, मावळायचं नाव न घेणारा सूर्य, यांबद्दल त्या बोलत नसत. कुणी काढलंच तर हात झटकायच्या. "सौंदर्य काय, आपोआप दिसतं. मोजे आपोआप येत नाहीत." त्या सांगायच्या ते असं. तिथे एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही, म्हणून गाडी कुठे मिळेल हे विचारून हसं करून घेऊ नये; बोट किंवा विमान. धुकं पडलं की विमान उडत नाही, म्हणून मधे राखीव दिवस ठेवल्याशिवाय परतीचं तिकीट काढणारा माणूस मूर्ख. नळाचं पाणी बेलाशक प्यावं. गाडी ओढणारे कुत्रे साखळीला बांधलेले असतात, त्यांना 'यू यू' करायला जाऊ नये, पिल्लू आलं तरी हात लावू नये, कारण आई बघत असते. उन्हाळ्यात उजेड जात नाही, म्हणून डोळ्यांवर बांधायला पट्टी. हिमनगाजवळच्या किनाऱ्यावर उतरू नये. तो कलंडला की लाट येते आणि ती विचारून येत नाही. मासे उत्तम, कोलंबी तर काय सांगावी. नारळ नाही. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज जरा खाली यायचा. नारळाशिवाय एवढा मोठा देश कसा चालवतात, याचं त्यांना मनापासून आश्चर्य होतं. "कोकम न्यावं. जागा खात नाही," हा त्यावरचा उपाय. यातलं काहीही कागदावर नव्हतं. सगळं तोंडी, पाढ्यांसारखं पाठ.

राहायला वुडलँड्सच का, याचंही त्यांच्याकडे कारण होतं. लोकांना वाटायचं, काका जवळच्या गोदीत कामाला होते म्हणून. काकू म्हणायच्या, सिंगापुरात यापेक्षा उत्तरेला घर मिळत नाही. रोज संध्याकाळी त्या खाडीवरच्या धक्क्यावर फिरायला जात, बर्फात घालायचे गुडघ्यापर्यंतचे जाड बूट घालून. नवे बूट तिथे जाऊन पहिल्यांदा घातले तर टाचा सोलतात, ते घरीच मऊ करून न्यायचे असतात, हा नियम. घामाने थबथबलेली, स्कर्ट घातलेली, खाली हिमालयात चालतील असे बूट घातलेली ही बाई धक्क्याच्या टोकाला उभी राहून समोरच्या मलेशियाकडे अशी बघायची, की तो देश मधे उगीच आडवा आलाय. एकदा मला म्हणाल्या, "बाकीचं अख्खं सिंगापूर आत्ता माझ्या मागे आहे." भूगोलाच्या दृष्टीने ते जवळजवळ खरं होतं. मी मागे वळून पाहिलं आणि मलाही क्षणभर आपण फार पुढे आल्यासारखं वाटलं.

थंडीचा सराव सुपरमार्केटमध्ये. स्टेशनजवळच्या मॉलमध्ये गोठवलेल्या मालाची एक अख्खी रांग आहे. काकू तिथे लोकरीचे हातमोजे चढवायच्या, काचेचं दार उघडायच्या आणि मटारांच्या पाकिटांसमोर उभ्या राहायच्या. हातमोजे घालून पिशवीची चेन लावता आली पाहिजे, डोळे मिटून खिशातलं नाणं ओळखता आलं पाहिजे, असे प्रयोग चालायचे. लहान मुलं थांबून बघायची. "आंटी, यू ओके ऑर नॉट?" असं एका पोराने काळजीने विचारलेलं मी ऐकलंय. त्या रांगेत माल लावणारा एक म्हातारा चिनी अंकल होता. तो दर वेळी यायचा आणि फार सभ्यपणे म्हणायचा, "आंटी, डोअर क्लोज, कॅन?" काकू म्हणायच्या, "कॅन, कॅन, वन मिनिट," आणि त्या मिनिटात त्याला ग्रीनलँडमध्ये कुत्र्यांना हात का लावू नये ते सांगायच्या. पुढेपुढे तो आम्हाला बघितलं की स्वतःच दुसरीकडे माल लावायला जायचा. तेवढा वेळ तो देत असे, असं मला वाटतं.

घरात पाणी साचलंय का, डासांची अंडी आहेत का, हे तपासायला सरकारी माणसं येतात. ती आली की काकू त्यांना बसवून सरबत द्यायच्या आणि सांगायच्या की तुमचे डास म्हणजे काहीच नाहीत, ग्रीनलँडला जुलैत जा. बर्फाच्या देशात डास असतात यावर त्या माणसांचा विश्वास बसायचा नाही. मग काकू जुन्या मच्छरदाणीतून शिवलेली, डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढायची जाळी घालून दाखवायच्या. गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळीत एक बँकेतलं जोडपं स्वित्झर्लंडची तयारी सांगत होतं. काकूंनी ती पाच मिनिटांत ग्रीनलँडकडे वळवली. ते दोघं नम्रपणे "बघू" म्हणाले. काकूंच्या हातातलं मोदकाचं ताट तसंच परत गेलं.

आणि मला सगळ्यांत जास्त आठवतं, ते कॅफेमिक. ग्रीनलँडमध्ये वाढदिवस असो, मुलाचा शाळेचा पहिला दिवस असो, घर उघडं ठेवतात. लोक येतात, दारात बूट काढतात, कॉफी पितात, केक खातात आणि पुढच्यांना जागा व्हावी म्हणून उठतात. काकूंनी मला याची व्याख्या सांगितली होती: "बाप्यांनाही बोलावलेलं हळदीकुंकू." एकदा बोलता बोलता मी म्हणालो की पदवीदान समारंभाला मी गेलो नव्हतो, कॉलेजच्या खिडकीवर सही करून सर्टिफिकेट आणलं आणि बाबांनी ते देवापुढे ठेवलं, एवढंच. पुढच्या रविवारी ऑफिसच्या एका कामाहून परतलो तर दारात चपलांचा ढीग. शेजारच्या मलाय आजी, खालच्या मजल्यावरचे तामिळ गुरुजी, आमच्या ओळखीची चार मराठी घरं, सगळे माझ्या डिग्रीच्या कॅफेमिकला. शंकरपाळे होते, केक होता, फिल्टर कॉफी होती. एकेक जण यायचा, माझा हात हातात घ्यायचा आणि उठायचा. मराठी मंडळी तेवढी उठेनात. ती जेवूनच जायच्या तयारीने बसली होती. काकूंनी त्यांना स्पष्ट सांगितलं, "उठा आता, पुढचे यायचेत." दोन घरं त्यावरून बरेच दिवस रुसली होती. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, कसला कार्यक्रम म्हणालास? मी म्हणालो, माझ्या डिग्रीचं हळदीकुंकू. आईने ते तिथूनच बाबांना ओरडून सांगितलं. मग म्हणाली, त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

'बघू'वर बंदी का, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. हॉलमध्ये काकांचा फोटो होता. जाड चष्मा, हसू दाबून धरल्यासारखा चेहरा. ते गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करायचे. कधीकाळी एक जहाज आलं, बर्फाने दोन्ही बाजू खरवडून काढलेलं. त्याच्या खलाशांनी काकांना ग्रीनलँडबद्दल सांगितलं आणि काकांनी ते सगळं रात्री जेवताना काकूंना सांगितलं. एरवी मोजकं बोलणारा तो माणूस त्या दिवशी भात निवेपर्यंत बोलत होता. काकूंनी विचारलं, जाऊ या का आपण? काका म्हणाले, बघू. त्यानंतर वर्षानुवर्षं काकू विचारत राहिल्या आणि काका बघू म्हणत राहिले. मला हे सांगताना काकू बांगडे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माणूस वाईट नव्हता रे. पण त्यांच्या 'बघू'त मी म्हातारी झाले. हो म्हणाले असते तर दोघं गेलो असतो. नाही म्हणाले असते तर भांडून मी एकटी गेले असते. ते गेले, आणि त्यांना यायचं होतं की नव्हतं, ते मला अजून माहीत नाही."

मग तुम्ही एकट्या का गेला नाहीत, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही. मला वाटतं, एकटीने जाणं म्हणजे काकांच्या वतीने 'नाही' म्हणून टाकणं झालं असतं.

काकूंची लेक पर्थला. तिने धोशा लावला होता की आई, आता फ्लॅट विक आणि इकडेच ये. काकूंचा गुडघा कुरकुरत होता, नातवंडं बोलावत होती, त्यांनाही जावंसं वाटत होतं. पण पर्थ दक्षिणेला. "म्हणजे मी आणखी लांब जाणार," त्या नकाशाकडे बघत म्हणाल्या. तेव्हा त्यांनी ठरवलं की पर्थच्या आधी ग्रीनलँड, याच उन्हाळ्यात, नाहीतर कधीच नाही. लेकीने फोनवर अट घातली: एकटी जायचं नाही. फोन स्पीकरवर होता आणि मी ताटावर होतो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "जिंतूर, तू येशील का माझ्याबरोबर?"

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. मी कधी बर्फ पाहिला नव्हता. जिंतूरला थंडी म्हणजे मफलर. रजा मिळेल का माहीत नाही, धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर, आणि तेवढ्या थंडीत आपण जगू का, हा साधा प्रश्न. अशा वेळी माझ्या घराण्यातला प्रत्येक माणूस जे म्हणाला असता तेच माझ्या तोंडात आलं. "बघ..." एवढं बाहेर पडलं आणि काकूंची भुवई वर गेली. शब्द अर्ध्यात अडकला. आता समोर दोनच शब्द उरले. मोठ्या माणसाला 'नाही' म्हणायची जीभ मला आईवडिलांनी दिलेली नाही. मी म्हणालो, "हो."

तिकडून लेक म्हणाली, "खरंच?" काकू म्हणाल्या, "हो म्हणालाय तो."

मग काय. काकूंकडे सिंगापूरचा पासपोर्ट, त्यांना व्हिसा नको. माझा भारताचा. ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यात, म्हणून डेन्मार्कचा व्हिसा काढायचा, पण नुसता नाही. त्यावर 'ग्रीनलँडसाठी चालेल' असं वेगळं लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर कोपनहेगनहून घरी परत. हे वाक्य काकूंनी माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं की व्हिसाच्या खिडकीवर मी नाव सांगायच्या आधी तेच सांगितलं. पासपोर्ट परत आला तेव्हा काकूंनी चष्मा लावून तो शिक्का बोटाने वाचला आणि देवघरात नेऊन ठेवला. बाबांनी माझी डिग्री ठेवली होती तसाच. रजा मिळाली. बहिणीचं लग्न माझ्या येण्यापर्यंत थांबलं. खर्चाबद्दल काकूंनी मला एक अक्षर बोलू दिलं नाही.

कोपनहेगनहून नुक या राजधानीच्या गावी उतरलो आणि विमानातून बाहेर पाऊल टाकलं तेव्हा पहिल्यांदा मला खरी थंडी लागली. ती वाईट नव्हती. स्वच्छ होती, नुकत्याच धुतलेल्या स्टीलच्या भांड्यासारखी. काकूंनी दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मटारांचा वास नाही." त्यांच्या दृष्टीने हाच फरक होता. आम्हाला जायचं होतं त्याहून उत्तरेला, इलुलिसाट नावाच्या गावी, जिथे हिमनदीचे तुकडे समुद्रात उतरतात. काकांच्या खलाशांनी सांगितलेलं ते हेच. तिथे छोटं पंख्याचं विमान जातं. आणि नुकला धुकं पडलं होतं.

धुकं म्हणजे कसं, तर विमानतळाच्या काचेबाहेर कुणी पांढरी चादर टांगावी तसं. पहिला दिवस गेला. काकूंचे राखीव दिवस होते, म्हणून त्या निवांत होत्या. त्यांनी बाकावर बसल्या बसल्या शाळाच उघडली. जीन्स घालून आलेल्या एका परदेशी जोडप्याला सुती कपड्यांचे धोके सांगितले, एका तरुणीला आपली डासांची जाळी देऊन टाकली. शेजारी बसलेला एक स्थानिक म्हातारा सगळं ऐकत होता, मधूनमधून मान हलवत होता. शेवटी त्याने विचारलं, मागच्या वेळी तुम्ही कधी आला होतात? काकू म्हणाल्या, कधीच नाही. तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्याने आपल्या डब्यातला सुकवलेला मासा काकूंना दिला, आणि काकूंनी त्याला कोकम.

दुसरा दिवस गेला. राखीव दिवस संपत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू बोलायच्या थांबल्या, तेव्हा मला भीती वाटली. एवढी वर्षं, एवढी तयारी, आणि शेवटच्या टप्प्यावर येऊन परत फिरायचं. त्या उठल्या, काउंटरवर गेल्या. मी मागे. काउंटरवर निळ्या स्वेटरमधली एक तरुण मुलगी होती. काकूंनी विचारलं, आज विमान जाईल का? मुलीने कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "इम्माका."

हा एकच शब्द काकूंच्या पाठांतरात नव्हता. त्यांनी अर्थ विचारला. मुलगी इंग्रजीत म्हणाली, कदाचित. आम्ही इथे सगळे रोज हेच म्हणतो. काकूंचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका कठोर झाला. "कदाचित नको," त्या म्हणाल्या. "हो की नाही?"

मुलगी रागावली नाही. हळू आवाजात तिने जे सांगितलं त्याचा अर्थ असा: "मी नाही म्हणत नाहीये. मला तुम्हाला न्यायचंय. पण हवा माझ्या हातात नाही, म्हणून हो म्हणणं खोटं होईल. इम्माका म्हणजे तेवढंच."

काकू काउंटरला धरून उभ्या राहिल्या. मागे रांग लागली. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "जिंतूर, ही 'बघू' म्हणतेय रे." आम्ही येऊन बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने, माझ्याशी की स्वतःशी ते कळलं नाही, त्या म्हणाल्या, "गोदीत जहाज कधी लागेल, कधी सुटेल, ते यांच्या हातात कुठे होतं? रजा मागायचे आणि जहाज यायचं. खोटं बोलवत नव्हतं माणसाला." त्यांनी हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. नाणं ओळखायचा सराव करावा तसा खिशात हात घालून बसून राहिल्या.

दुपारी चादर एका कोपऱ्यातून उचलली गेली. निळ्या स्वेटरच्या मुलीने आम्हाला हाका मारून मारून विमानात बसवलं.

इलुलिसाटला आमच्या वाट्याला एक संध्याकाळ आली. तिथे संध्याकाळ म्हणजे घड्याळातली, उजेड दुपारचाच. गावाबाहेर कुत्रे बांधलेले होते, एक पिल्लू धावत आलं. काकू हात मागे बांधून, मान वळवून पुढे गेल्या, मग न राहवून मागे वळून बघत राहिल्या. गवतावरून लाकडी फळ्यांची वाट समुद्राकडे जाते. काकूंचा गुडघा, माझा खांदा, असे आम्ही चाललो. चढ संपला आणि समोर ते आलं.

मला वर्णन जमणार नाही. आमच्या मराठीच्या सरांनीही इथे खडू खाली ठेवला असता. आमच्या वुडलँड्सच्या, भिंतीवर मोठे नंबर रंगवलेल्या इमारतींएवढ्या बर्फाच्या इमारती पाण्यात उभ्या होत्या, एकामागे एक, दिसेल तिथपर्यंत, आणि एकीवरही नंबर नव्हता. काही पांढऱ्या, काही आतून निळ्या, देवळातल्या काचेच्या हंडीत दिवा लावावा तशा. काही हलत नव्हतं, तरी लांबून कुठून तरी तडकल्याचा आवाज यायचा आणि मग पुन्हा ती शांतता. मला एकदम आमचं घर आठवलं. माझ्या आजोबांनी परभणीच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं. आणि मी इथे उभा होतो, केवळ एका बाईंनी माझ्या तोंडून एक शब्द काढून घेतला होता म्हणून. माझे हात आपोआप जोडले गेले.

मी दोन पावलं खाली उतरलो तशा काकू म्हणाल्या, "किनाऱ्यावर जाऊ नकोस. लाट येते." सगळी वर्षं सांगितलेली ती सूचना अखेर योग्य जागी सांगितली गेली. मग त्यांनी एक सपाट दगड शोधला, त्यावरची माती झटकली, शेजारी आणखी एक माणूस बसेल एवढी जागा सोडली आणि बसल्या. मला वाटलं ती जागा माझ्यासाठी. मी जवळ गेलो, पण त्यांचा हात त्या जागेवर टेकलेला होता. मी थोडा बाजूला उभा राहिलो.

"बघू," काकू म्हणाल्या. आणि बघत राहिल्या.

माझ्या आयुष्यात तो शब्द मी हजारो वेळा ऐकला होता. त्याचा अर्थ इतका साधा आहे, दोघांनी मिळून बघायचं एवढाच आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सिंगापूरला परतल्यावर बंदी उठली. काकूंनी तसं जाहीर केलं नाही, एकदा मीच विचारलं, आज बांगडे करणार का, आणि आतून उत्तर आलं, "बघू." दोघंही थबकलो, मग हसलो. पुढे फ्लॅट विकला गेला. बूट त्यांनी मला दिले, माझ्या मापाचे नसताना. माझं लग्न झालं, मी बुकित पंजांगला राहायला गेलो. काकू पर्थला निघाल्या तेव्हा निरोप द्यायला चांगी विमानतळावर आम्ही नवराबायको गेलो होतो. काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं, याचे पाय गार पडत नाहीत, तेवढी काळजी नाही. मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काकू, परत याल ना?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, काचेतून बाहेरच्या आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघू."

पूर्वी मी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला असता आणि घरी आलो असतो.

परवा काही कामाने वुडलँड्सला गेलो होतो, तसाच सुपरमार्केटमध्ये शिरलो. तो चिनी अंकल अजून तिथेच माल लावत होता. मला ओळखून म्हणाला, युवर आंटी हाऊ? मी सांगितलं, पर्थ. त्याने विचारलं, "कमिंग बॅक ऑर नॉट?" हो म्हणणं खोटं झालं असतं. नाही म्हणवत नव्हतं. मी मटारांच्या कपाटाचं दार उघडलं, गार हवा तोंडावर येऊ दिली आणि त्याला म्हणालो, "इम्माका." त्याने मान डोलावली. आमच्याकडून असं काहीतरी ऐकायची त्याला सवय आहे. मग तो आपली खोकी उचलून दुसऱ्या रांगेत गेला, आणि जाताना त्याने मला दार लावायला सांगितलं नाही.